विंडोजवर लिहिलं, लिनक्सवर चालवलं: फाइलचे पाथ सांभाळायची कृती

सोलापुरी चादरीवरचा मोर असो की टेरी टॉवेलच्या किनारीची नक्षी, पूर्वी ती पुठ्ठ्याच्या पंच कार्डांवर असायची. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आणि नक्षी म्हणजे एक फाइल झाली. चादर आणि टॉवेल या सोलापूरच्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे या फाइली म्हणजे कारखान्याची खरी पुंजी. ती सांभाळणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम मात्र अनेकदा असा लिहिलेला असतो की संगणक बदलला की त्याला आपल्याच फाइली सापडत नाहीत.

उदाहरणासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना समजू. डिझाइनर विंडोजवर नक्षी काढतो आणि ब्राउझरमधून अपलोड करतो. सर्व्हर ती साठवतो, लूमवरचा माणूस ती उतरवून घेतो, आणि त्याच प्रोग्रॅममधून बिलाची पीडीएफही निघते. सुरुवातीला हा सर्व्हर म्हणजे ऑफिसातलाच एक विंडोजचा पीसी. पुढे मालक तो भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर हलवायचं ठरवतो. त्या दिवशी काहीही मोडू नये, यासाठी ही कृती आहे. उदाहरणं पायथॉनची घेतली आहेत, कारण कॉलेजात तीच भाषा सर्रास शिकवतात. जिथे नोड, जावा किंवा गो वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे. इथे नावं देवनागरीत दिली असली तरी कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी काय हवं

पायथॉन ३.९ किंवा त्यापुढचं, एक विंडोजचा संगणक आणि एक लिनक्स. दुसरा संगणक नसेल तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं; फक्त प्रोजेक्ट लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. डब्ल्यूएसएलमधून दिसणाऱ्या विंडोजच्या सी ड्राइव्हवर चाचणी घेतलीत तर लहान-मोठ्या अक्षरांच्या चुका तिथे झाकल्या जातात आणि चाचणीचा उपयोगच उरत नाही. डेटाबेसचा बॅकअप आधी घ्या.

पायरी १: गाडलेले पाथ शोधून काढा

सगळ्या कोडमध्ये शोध लावा: ‘सी:’, ‘डी:’, बॅकस्लॅश, आणि अधिकच्या चिन्हाने फोल्डरला फाइलचं नाव चिकटवलेली प्रत्येक ओळ. जे सापडेल ते एका यादीत लिहा, लगेच बदलू नका.

बॅकस्लॅश ही गंमत नाही, धोका आहे. बहुतेक भाषांत कोटातल्या मजकुरात बॅकस्लॅशपुढे रोमन ‘टी’ आला की त्याचा टॅब होतो आणि ‘एन’ आला की नवी ओळ. ‘डी:\टॉवेल\न्यू’ हा पाथ रोमनमध्ये लिहा आणि छापून पाहा. टॉवेलच्या जागी टॅब आणि ‘ओवेल’, आणि न्यूच्या जागी तुटलेली ओळ मिळेल. ‘डिझाइन’ नावाच्या फोल्डरला हे होत नाही, म्हणून काही पाथ चालतात आणि काही नाहीत, आणि नवा मुलगा नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

पायरी २: मूळ फोल्डर एकच, आणि तो कोडच्या बाहेर

प्रोग्रॅमच्या सगळ्या फाइली एका मूळ फोल्डरखाली ठेवा आणि त्या फोल्डरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. विंडोजवर तो ‘डी:\डिझाइन’ असेल, लिनक्सवर ‘/एसआरव्ही/डिझाइन’. कोडला याच्याशी देणंघेणं नको.

चालू फोल्डरवर कधीही विसंबू नका. टर्मिनलमधून प्रोग्रॅम सुरू केला की चालू फोल्डर प्रोजेक्टचा असतो, म्हणून ‘अपलोड’ एवढंच लिहूनही काम भागतं. तोच प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस म्हणून सुरू झाला की चालू फोल्डर सिस्टिम३२ होतो, आणि लिनक्सवर सिस्टिमडीने सुरू केला की थेट मूळ स्लॅश. फाइली भलतीकडे जातात किंवा परवानगी नाही म्हणून एरर येते.

कारखान्यांत ‘झेड ड्राइव्ह’ हा शब्द रोज कानावर पडतो. नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं हे अक्षर फक्त लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसत नाही. तिथे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, आणि त्या सर्व्हिसच्या खात्याला शेअरची परवानगी द्या.

प्रोग्रॅम सुरू होताना मूळ फोल्डर तपासा. नसेल तर तो गुपचूप तयार करू नका, स्पष्ट संदेश देऊन थांबा. लिनक्सवर वेगळी डिस्क जोडलेली असेल तर नुसतं ‘फोल्डर आहे का’ विचारून भागत नाही: डिस्क जोडली गेली नसली तरी रिकामा फोल्डर तिथे असतोच, आणि फाइली चुकीच्या डिस्कवर साठत जातात. यावर साधा उपाय म्हणजे त्या डिस्कवर खुणेची एक छोटी फाइल ठेवायची आणि ती सापडली तरच पुढे जायचं.

पायरी ३: जोडणी लायब्ररीकडे सोपवा

पायथॉन ३.४ पासून ‘पाथलिब’ सोबतच येतं. त्यात पाथचे दोन तुकडे भागाकाराच्या चिन्हाने जोडतात आणि योग्य तो स्लॅश लायब्ररी घालते. जावामध्ये आवृत्ती ७ पासून ‘पाथ’, नोडमध्ये ‘पाथ’ मॉड्यूल, गोमध्ये ‘फाइलपाथ’ हेच काम करतात. यादीतली प्रत्येक ओळ आता या रीतीने बदला.

एक सापळा ठळकपणे लक्षात ठेवा. पायथॉनमध्ये आणि डॉटनेटच्या ‘पाथ.कम्बाइन’मध्ये दुसरा तुकडा स्वतःच पूर्ण पाथ असला, तर पहिला तुकडा सरळ टाकून दिला जातो. म्हणजे मूळ फोल्डरला बाहेरून आलेलं ‘/ईटीसी/पासवर्ड’ जोडलं तर उत्तर ‘/ईटीसी/पासवर्ड’च येतं. नोडचं ‘जॉइन’ आणि गोचं ‘जॉइन’ असं करत नाहीत. भाषा बदलली की ही वागणूक कागदपत्रांत वाचून घ्या.

पायरी ४: डेटाबेसमध्ये अर्धाच पाथ, आणि सरळ स्लॅश

डेटाबेसमध्ये मूळ फोल्डरपासून पुढचा भागच साठवा, तोही सरळ स्लॅशने: ‘२०२४/टॉवेल/००४८१२.बीएमपी’. साठवताना ‘ॲज-पॉझिक्स’ वापरलं की विंडोजवरही सरळ स्लॅशच मिळतो. वाचताना तो मूळ फोल्डरला जोडा. विंडोजला सरळ स्लॅश चालतो का, अशी शंका अनेकांना येते. चालतो. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होता. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले तेव्हा त्यांच्यासाठी बॅकस्लॅश घेतला गेला. पण विंडोज आतून दोन्ही स्लॅश ओळखतं. अडचण येते ती कमांड प्रॉम्प्टवर आणि ‘\\?\’ने सुरू होणाऱ्या लांब पाथांमध्ये.

आता जुन्या नोंदींचं काय? डेटाबेसमध्ये ‘डी:\डिझाइन\टॉवेल\…’ अशा हजारो ओळी असतील. त्या मजकूर-बदलाने दुरुस्त करायला जाऊ नका. पाथलिबमधला ‘प्युअर-विंडोज-पाथ’ लिनक्सवरही चालतो आणि विंडोजचे नियम पाळून पाथ वाचतो. त्याला जुना मूळ फोल्डर सांगा आणि ‘रिलेटिव्ह-टू’ने पुढचा भाग काढून घ्या. कोणी ड्राइव्हचं अक्षर लहान लिपीत टाकलं असेल, कोणी मोठ्या, तरी तो दोन्ही जुळवतो.

मग प्रत्येक फाइल नव्या सर्व्हरवर खरंच आहे का ते तपासा. इथे न सापडणाऱ्या फाइलींची यादी मोठी निघाली तर घाबरू नका. विंडोजला ‘.BMP’ आणि ‘.bmp’ एकच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, तरी एक्स्टेंशन रोमनच असतं आणि तिथेच गाडी अडते. डिस्कवरच्या सगळ्या नावांची लहान लिपीतली सूची बनवा, तिच्याशी नोंद जुळवा, आणि डेटाबेसमध्ये डिस्कवरचं खरं नाव लिहा.

पायरी ५: नावं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

बिलापासून सुरुवात करू. जीएसटीच्या नियमांत बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपर्यंत असू शकतो आणि त्यात आडवी रेघ व स्लॅश चालतो. म्हणून आपल्याकडे ‘एसटी/२४-२५/०११२’ असे क्रमांक सगळीकडे दिसतात. हाच क्रमांक पीडीएफचं नाव म्हणून दिला तर संगणक त्याचे दोन फोल्डर समजतो. तारखेतला स्लॅशही तेच करतो. वेळेतला कोलन लिनक्सवर चालतो, विंडोजवर चालत नाही. म्हणून रात्री ‘१०:३०’ नावाने घेतलेला लिनक्सचा बॅकअप सकाळी विंडोजवर उतरवता येत नाही. विंडोजला नावात ही नऊ चिन्हं चालत नाहीत: < > : " / \ | ? *. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तर विंडोज ती काढून टाकतं, लिनक्स ठेवतं.

त्यानंतर राखीव नावं. डॉसच्या काळापासून विंडोजने काही नावं उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत: सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, सीओएम१ ते ९, एलपीटी१ ते ९. एक्स्टेंशन लावलं तरी सुटका होईलच असं धरू नका. कापडाच्या धंद्यात हे नुसतं पुस्तकी राहत नाही. रंगसंगतीला इथे कॉम्बिनेशन म्हणतात, आणि घाईत ‘कॉम्बिनेशन १’चं रोमन लघुरूप नेमकं सीओएम१ होतं. सुताच्या कोनाचं स्पेलिंग एका अक्षराने तोकडं केलं की सीओएन. लिनक्सवर या फाइली निवांत बनतात आणि विंडोजवर उतरवताना अडतात.

आता आपल्या लिप्या. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच कारखान्यात बोलल्या जातात, तशी फाइलींना नावंही तिन्ही लिप्यांत पडतात. ‘किनाऱ्याची’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: एकसंध ‘ऱ’ आणि हलन्त, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिला शब्द ३० बाइटचा, उरलेले दोन ३३-३३ बाइटचे. लिनक्ससाठी ही तीन वेगळी नावं आहेत. वापरणारा म्हणतो फाइल समोर दिसतेय, प्रोग्रॅम म्हणतो नाही, आणि दोघंही बरोबर असतात.

युनिकोडचं ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण पहिल्या दोन प्रकारांना एक करतं. पायथॉनमध्ये ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये ते आहे. तिसऱ्याला ते हात लावत नाही, तो आपणच बदलायचा: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हा क्रम सापडला की त्याजागी ऱ आणि हलन्त. हे करण्याआधीच सगळी न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकलीत तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल, म्हणून क्रम पाळा. कन्नडमधल्या ओकारासारख्या काही मात्रा आणि तेलुगूमधली ऐकाराची मात्रा यांनाही एकसंध आणि सुटी अशी दोन रूपं आहेत. त्यांना एनएफसी पुरतं. मॅकवरून फाइली येत असतील तर जास्तच सावध राहा: मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं सुटी करूनच साठवायची.

लांबीही मोजा. लिनक्सच्या एक्स्ट४ वर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासकट, तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. ‘सोलापुरी चादर’ एवढ्यालाच ३७ बाइट लागतात. विंडोजवर एका नावाला २५५ एककं मिळतात, म्हणून तिथे सहज मावलेलं लांब मराठी नाव लिनक्सवर एरर देतं. उलट विंडोजवर पूर्ण पाथाला मुळात २६० अक्षरांची मर्यादा आहे. विंडोज १० च्या २०१६ च्या आवृत्तीपासून ती सेटिंगने उठवता येते, पण प्रोग्रॅमनेही तशी तयारी दाखवावी लागते. फोल्डरात फोल्डर घालत जायची सवय त्यामुळे सोडलेली बरी.

एवढं सगळं वाचून प्रत्येक नियमासाठी कोड लिहायला बसू नका. माझं मत ठाम आहे: माणसाने दिलेलं नाव डिस्कवर जाऊच देऊ नका. डिस्कवर सर्व्हरने दिलेला क्रमांक आणि ठरलेलं लहान लिपीतलं एक्स्टेंशन. माणसाने दिलेलं ‘दुहेरी किनाऱ्याची चादर’ हे नाव डेटाबेसच्या रकान्यात, जसं टाइप केलं तसं. शोधण्यासाठी शेजारच्या रकान्यात त्याचंच प्रमाणित रूप. उतरवून घेताना ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या हेडरमधून मूळ नाव परत द्या, म्हणजे लूमवरच्या माणसाला त्याच्या भाषेतलंच नाव दिसतं. बिलांचंही तसंच. विंडोजची नऊ चिन्हं आणि राखीव नावं त्या उतरवायच्या नावातून तेवढी बदलून टाका. मराठी नावं टाळा, असा सल्ला मी कधीच देणार नाही. त्या नावांना योग्य जागी ठेवा, एवढंच.

पायरी ६: बाहेरून आलेला पाथ म्हणजे परका माणूस

ब्राउझरने पाठवलेलं फाइलचं नाव, झिपमधली नावं, यूआरएलमधून आलेला तुकडा, यांपैकी कशावरही विश्वास नको. नाव वेगळं काढताना दोन्ही स्लॅश गृहीत धरा. लिनक्सवर ‘डी:\डिझाइन\मोर.बीएमपी’ला शेवटचं नाव विचारलं तर सगळंच्या सगळं परत मिळतं, कारण लिनक्सला बॅकस्लॅश हे नावातलं एक साधं अक्षर वाटतं. डॉटनेटच्या ४.६.१ आधीच्या आवृत्तीने बनवलेल्या झिपांमध्येही बॅकस्लॅश असतात.

दोन टिंबांनी वर चढणारे पाथ अडवताना फक्त ‘../’ शोधणं पुरत नाही, विंडोजवर ‘..\’ही चढतं. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ नावाने गाजलेली त्रुटी याच वाटेची होती: झिपमधल्या नावातूनच फाइल ठरल्या फोल्डरबाहेर जाऊन पडायची. म्हणून अक्षरं शोधू नका. पूर्ण पाथ ‘रिझॉल्व्ह’ करून घ्या, आणि मग तो मूळ फोल्डरच्या आतच आहे ना हे ‘इज-रिलेटिव्ह-टू’ने विचारा. मजकुराची सुरुवात जुळवून पाहणं चूक, कारण ‘/एसआरव्ही/डिझाइन-जुने’ची सुरुवातही जुळते.

पायरी ७: यूआरएल हा पाथ नाही

वेब पत्ते आणि क्लाउडच्या साठवणीतल्या किल्ल्या सरळ स्लॅशच्याच असतात, सर्व्हर कुठलाही असो. त्या बनवायला पाथची लायब्ररी वापरलीत तर विंडोजवर त्यात बॅकस्लॅश घुसतो. नोडमध्ये ‘पाथ.पॉझिक्स’, पायथॉनमध्ये ‘प्युअर-पॉझिक्स-पाथ’, गोमध्ये नुसतं ‘पाथ’ घ्या.

पायरी ८: आधी लिहा, मग जागी ठेवा

अपलोड अर्धवट तुटलं तरी लूमवर अर्धी नक्षी जाता कामा नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, फाइल बंद करा, मग पायथॉनच्या ‘रिप्लेस’ने खऱ्या नावावर आणा. ‘रिनेम’ नको: त्या नावाची फाइल आधीच असेल तर विंडोजवर ते एरर देतं आणि लिनक्सवर मुकाट्याने वर लिहितं. फाइल बंद करणंही विसरू नका, उघडी फाइल विंडोज सहसा हलवू देत नाही. तात्पुरता फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असला तर ही अदलाबदल होतच नाही, म्हणून त्याच फोल्डरमध्ये.

पायरी ९: दोन्हीकडे चालवून बघा

चाचणीसाठी नावांचा एक संच कायमचा करून ठेवा: मधे मोकळी जागा असलेलं, ‘किनाऱ्याची’ तिन्ही रूपांत, सीओएम१, शेवटी टिंब असलेलं, शंभर देवनागरी चिन्हांचं, ‘..\’ने सुरू होणारं, आणि स्लॅश असलेला बिल क्रमांक. हा संच विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर आपोआप चालायला हवा; गिटहबच्या चाचणी यंत्रणेत दोन्ही मिळतात. कोडच्या फाइलींच्या नावात फक्त लहान-मोठं अक्षर बदललं असेल तर तो बदल विंडोजवरच्या गिटच्या लक्षात येत नाही, त्यासाठी ‘गिट एमव्ही’ वापरा.

सोलापुरात शिकणाऱ्या मुलामुलींना एक आग्रहाची विनंती. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सादर करण्याआधी तो एकदा लिनक्सवर चालवून पाहा, आणि त्यात एक तरी फाइल तुमच्या घरच्या भाषेतल्या नावाने अपलोड करा. लॅपटॉप विंडोजचा असला तरी हरकत नाही. डब्ल्यूएसएल फुकट मिळतं.